लंडनच्या मुक्कामात नाटक, जेवण आणि जुनी डिपार्टमेंट स्टोअर्स यांचा मेळ कसा घालावा?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या सप्टेंबरात यजमानांच्या कामानिमित्त आम्ही लंडनला जात आहोत. बुधवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी सकाळी परत निघायचे आहे, आणि यजमान शुक्रवारपर्यंत कार्यालयात असल्यामुळे गुरुवार-शुक्रवार हे दिवस मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघींचेच आहेत. राजवाडे, पूल आणि संग्रहालये यांविषयी भरपूर वाचून झाले आहे, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही.

सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर आहे. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आलेले चांगले नाटक त्या सहसा चुकवत नाहीत, आणि लंडनचे ठरल्यावर त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली, ती म्हणजे तिथल्या नाट्यगृहात बसून एक तरी नाटक पाहण्याची. त्यांचे इंग्रजी वाचन चांगले आहे, परंतु तिथले भरभर बोललेले संवाद कानाला कितपत झेपतील याची मला शंका वाटते. गुडघ्यांमुळे एक-दोन जिने सावकाश चढता येतात, त्याहून अधिक नाही. आम्ही दोघीही शाकाहारी आहोत आणि त्यांना अंडेही चालत नाही.

मला स्वतःला लंडनची जुनी डिपार्टमेंट स्टोअर्स पाहायची आहेत. खरेदी फारशी करायची नाही. त्या इमारती, त्यांची मांडणी आणि तिथले कापड पाहण्यात मला रस आहे. काहीही विकत न घेता अशा दुकानांत तासभर फिरणे तिथे प्रशस्त समजतात का? आणि नाटक, जेवण व ही दुकाने यांची सांगड अशी घालता येईल का, की सासूबाईंची दमछाक होणार नाही? मुक्काम पॅडिंग्टन स्थानकाजवळ आहे.


तिसरी_घंटा

गोदाकाठताई, आधी नाटकाचा दिवस आणि वेळ ठरवा आणि जेवण व दुकाने त्याच्या मागेपुढे बसवा. बहुतेक पर्यटक याच्या उलट करतात, दिवसभर पायपीट करून संध्याकाळी साडेसातच्या प्रयोगाला येतात आणि पहिल्याच अंकात पेंगू लागतात. माझे स्पष्ट मत असे की ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना दुपारचाच प्रयोग घ्यावा. वेस्ट एंड या भागात सुमारे चाळीस नाट्यगृहे आहेत. रात्रीचे प्रयोग बहुधा सात किंवा साडेसातला सुरू होतात आणि दुपारचे साधारण अडीचला, तेही शनिवारी आणि आठवड्याच्या मध्ये बुधवारी किंवा गुरुवारी. प्रत्येक नाटकाचा वार वेगळा असल्यामुळे तो नाट्यगृहाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा लागतो. तुमच्यासाठी गुरुवार सर्वांत सोयीचा दिसतो. त्या दुपारी प्रेक्षकांत निवृत्त मंडळी बरीच असतात, त्यामुळे जिन्यांवर कुणी मागून घाई करत नाही, तिकिटे शनिवारच्या मानाने सहसा स्वस्त असतात, आणि पाचच्या सुमारास बाहेर पडल्यावर उजेड असतो.

आता जिन्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या बाबतीत नाटकाच्या निवडीइतकीच आसनाची निवड महत्त्वाची आहे. वेस्ट एंडमधील बहुतेक नाट्यगृहे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत. जागा अरुंद आणि महाग असल्यामुळे त्या काळच्या वास्तुविशारदांनी प्रेक्षागृहे उभी रचली, आणि अनेक ठिकाणी तळमजल्याचा भाग रस्त्याच्या पातळीखाली नेला. त्यामुळे ‘स्टॉल्स’ म्हणजे आपल्याकडची रंगमंचासमोरची आसने गाठण्यासाठी पुष्कळदा जिना उतरावा लागतो, तर ‘ड्रेस सर्कल’ किंवा ‘रॉयल सर्कल’ ही पहिली बाल्कनी जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर येते. सर्वांत वरच्या गॅलरीतील प्रेक्षक गरीब वर्गातले असत आणि खालच्या श्रीमंत प्रेक्षकांशी त्यांची गाठ पडू नये म्हणून त्यांचे प्रवेशद्वार व जिना बाजूच्या गल्लीत वेगळा ठेवलेला असे. आजही अनेक ठिकाणी स्वस्त तिकीटवाले त्याच जिन्याने वर जातात. या वास्तू संरक्षित असल्यामुळे त्यांत लिफ्ट बसवणे सोपे नसते. तात्पर्य, ‘अपर सर्कल’, ‘ग्रँड सर्कल’ किंवा ‘बाल्कनी’ असे लिहिलेले स्वस्त तिकीट दिसले तरी घेऊ नका. तिथला चढ गुडघ्यांची परीक्षा पाहतो. प्रत्येक नाट्यगृहाचा अपंग व ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी वेगळा दूरध्वनी किंवा ई-मेल पत्ता असतो. त्यांना नेमके विचारा की दारापासून आसनापर्यंत किती पायऱ्या आहेत. ते आकडा सांगतात, आणि पुष्कळदा अशा प्रेक्षकांसाठी राखलेली आसने सवलतीच्या दरात देतात.

तिकिटे शक्यतो नाट्यगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावीत. सवलतीची हवी असल्यास लेस्टर स्क्वेअरच्या कडेला घड्याळाच्या मनोऱ्याची एक छोटी इमारत आहे, ते ‘टीकेटीएस’ केंद्र होय. नाट्यगृहांची संघटना ते १९८० पासून चालवते आणि तिथे त्या दिवसाची व लगतच्या दिवसांची उरलेली तिकिटे कमी दराने मिळतात. त्याच चौकाच्या आसपास ‘अर्ध्या किमतीत’ अशा पाट्या लावलेली इतर दुकानेही आहेत, त्यांचा या केंद्राशी संबंध नाही. तुमच्या बाबतीत मात्र मी ऐनवेळच्या सवलतीच्या मागे लागणार नाही, कारण तिथे आसनाची निवड आपल्या हातात फारशी राहत नाही.

भाषेच्या अडचणीवर एक उपाय आहे. ठरावीक तारखांना ‘कॅप्शन्ड’ प्रयोग होतात, ज्यांत रंगमंचाच्या बाजूला लावलेल्या पडद्यावर संवाद बोलला जात असतानाच लिहून येतो. ही सोय ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असली तरी ज्यांना वाचलेले इंग्रजी ऐकलेल्यापेक्षा लवकर उमगते त्यांनाही तिचा उत्तम उपयोग होतो. तिकीट घेताना तो पडदा नीट दिसेल असे आसन मागावे. असा प्रयोग तुमच्या तारखांना नसेल तर दोन मार्ग उरतात. लायसियम नाट्यगृहात १९९९ पासून चालू असलेल्या ‘द लायन किंग’सारखे संगीत नाटक पाहावे, जिथे संवाद सुटला तरी कथा सुटत नाही, किंवा सेंट मार्टिन्स नाट्यगृहात ‘द माउसट्रॅप’ पाहावे. अगाथा ख्रिस्तींचे हे रहस्यनाट्य २५ नोव्हेंबर १९५२ रोजी शेजारच्या अँबॅसडर्स नाट्यगृहात सुरू झाले, १९७४ मध्ये सेंट मार्टिन्समध्ये आले आणि महासाथीच्या काळातील खंड वगळता आजतागायत चालू आहे. आजचा प्रयोग कितवा, हे सांगणारा फलक तिथे लावलेला असतो. जाणकार लोक या नाटकाला जुनाट म्हणून नाके मुरडतात, पण एकच नेपथ्य, ठसठशीत पात्रे आणि अंकाअंकाने चढत जाणारा संशय अशी त्याची रचना आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर तीन अंकी मराठी नाटके पाहिली त्यांना ती परकी वाटणार नाही. आधी कथानकाचा पूर्वार्ध वाचून घ्या. खुनी कोण ते मात्र वाचू नका, आणि पाहिल्यावर कुणाला सांगू नका, असे नटच शेवटी हात जोडून सांगतात.

बाकी किरकोळ बाबी लवकर उरकतो. पोशाखाचे कोणतेही बंधन नाही. साडी नेसून गेल्यास उत्तमच, मात्र आत कधी फार उकडते तर कधी वातानुकूलनाने गारठायला होते, म्हणून शाल जवळ असावी. उशीर झाला तर योग्य जागी खंड येईपर्यंत बाहेर थांबवतात. माहितीपुस्तिका विकत घ्यावी लागते. मध्यंतर साधारण वीस मिनिटांचे असते आणि त्यात बटाटेवडा नसतो. लहान डब्यांतले आइस्क्रीम प्रेक्षागृहातच विकायला येते. मध्यंतरात रंगमंचावर जो जाड पडदा उतरतो तो आगीपासून बचावासाठी असतो. १८८७ मध्ये एक्सेटर येथील नाट्यगृहाच्या आगीत १८६ माणसे गेली, त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक होत गेले, आणि तो पडदा चालतो हे प्रेक्षकांच्या देखत दाखवण्याची पद्धत अजून पाळली जाते.


पानसुपारी

तिसरी_घंटा यांच्या दुपारच्या प्रयोगाला माझे अनुमोदन आहे, आणि त्याचे कारण पोटाशी संबंधित आहे. वेस्ट एंडच्या आसपासची अनेक उपाहारगृहे रात्रीच्या प्रयोगाला जाणाऱ्यांसाठी साधारण पाच ते साडेसहा या वेळात दोन किंवा तीन पदार्थांचे ठरावीक किमतीचे जेवण ठेवतात. त्याला ‘प्री-थिएटर मेन्यू’ म्हणतात आणि तेच पदार्थ रात्री आठला मागवल्यास बरेच महाग पडतात. रात्रीच्या प्रयोगाचे प्रेक्षक ते घड्याळाकडे पाहत उरकतात. तुम्ही दुपारचा प्रयोग पाहून पाच-सव्वापाचला बाहेर पडलात तर तेच जेवण तुम्हाला निवांत करता येईल, नाटकावर बोलता येईल आणि साडेसातपर्यंत मुक्कामी परतता येईल. नाशिकच्या जेवणाच्या वेळेपेक्षा हे लवकर असले तरी प्रवासातल्या पहिल्या दिवसांत आपले घड्याळ साडेचार तास पुढेच असते, त्यामुळे भूक लागलेली असते. फक्त टेबल आधी राखून ठेवावे आणि ते किती वेळासाठी आहे हे विचारून घ्यावे.

अंड्याचा प्रश्न तिथे वाटतो तितका अवघड नाही. ब्रिटनमधील कायद्यानुसार प्रत्येक उपाहारगृहाला आपल्या पदार्थांत चौदा ठरावीक ॲलर्जीकारक घटकांपैकी कोणते आहेत हे ग्राहकाला सांगावेच लागते, आणि अंडे त्या चौदांत मोडते. तेव्हा ‘आम्ही अंडे खात नाही’ असे समजावत बसण्यापेक्षा ॲलर्जीची यादी मागावी. ती बहुधा तक्त्याच्या रूपात तयार असते. ‘व्हीगन’ असे लिहिलेल्या पदार्थात अंडे नसतेच, पण दूधही नसते. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर मात्र विसंबू नये, कारण तिथे अंडे शाकाहारात धरतात. चीजच्या बाबतीत सासूबाई काटेकोर असतील तर तेही विचारावे लागेल, कारण काही पारंपरिक चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते.

ठिकाणांविषयी सांगायचे तर सोहो स्ट्रीटवर, टॉटनम कोर्ट रोड स्थानकापासून चालत काही मिनिटांवर, इस्कॉनचे राधाकृष्ण मंदिर आहे आणि त्याला लागून त्यांचे ‘गोविंदाज’ हे उपाहारगृह. तिथे अंडे तर नाहीच, कांदा-लसूणही नाही; वेळा आधी पाहून जावे. युस्टन स्थानकामागील ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा आणि थाळी देणारी जुनी भारतीय शाकाहारी उपाहारगृहे आहेत, पण ती नाट्यगृहांपासून दूर पडतात. रीजंट स्ट्रीटवरील ‘वीरास्वामी’ हे १९२६ मध्ये सुरू झालेले, ब्रिटनमधील हयात भारतीय उपाहारगृहांत सर्वांत जुने. ते महाग आहे आणि तिथे माणूस चवीइतकाच त्याच्या इतिहासासाठी जातो. मुंबईच्या इराणी हॉटेलांवर बेतलेले ‘दिशूम’ २०१० मध्ये कोव्हेंट गार्डनजवळ सुरू झाले आणि आता त्याच्या अनेक शाखा आहेत. लंडनला जाऊन इराण्याची नक्कल कशाला, असे मी बरीच वर्षे म्हणत आलो आहे, पण थंड संध्याकाळी तिथला मसाला चहा आणि बनमस्का पाहून ज्येष्ठ मंडळींचा चेहरा खुलतो हे नाकारता येत नाही.

एक संध्याकाळ तरी भारतीय जेवणाबाहेर काढावी असे सुचवतो. पिकॅडिली सर्कसजवळचे ‘ब्रासरी झेडेल’ हे तळघरातील भव्य फ्रेंच पद्धतीचे दालन आहे. सोनेरी खांब, संगमरवर, वादक, आणि तरीही ठरावीक जेवणाचे दर त्या परिसराच्या मानाने माफक. तिथे शाकाहारी माणसाला निवड फार नाही, पण सूप, सॅलड आणि पाव यांवर एक जेवण सहज निघते, शिवाय वास्तू पाहण्यासारखी आहे. मात्र जिने उतरावे लागतात, म्हणून लिफ्टविषयी आधी विचारावे.

बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेले असते. ते ऐच्छिक असते आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे ते पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावे लागते, त्यामुळे वर आणखी बक्षिसी ठेवण्याची गरज नाही. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ असे म्हणावे; मद्यपरवाना असलेल्या ठिकाणी ते विनामूल्य देणे बंधनकारक आहे, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.


गोदाकाठ

आपणा दोघांचेही मनापासून आभार. गुरुवारच्या दुपारचा प्रयोग नक्की केला, आणि ॲलर्जीच्या यादीची युक्ती ऐकून सासूबाईंना फार दिलासा मिळाला. दुकानांविषयी कुणी सांगू शकेल का? हॅरड्स पाहिलेच पाहिजे असे सगळे सांगतात, पण मला एखाद्याच ठिकाणी नीट वेळ घालवायला आवडेल. रविवारी यजमानही सोबत असतील, तेव्हा तो दिवस दुकानांसाठी ठेवावा असा विचार आहे.


कोयरी

गोदाकाठताई, रविवारची गोष्ट आधी सांगते, कारण तिथे अनेकांचा बेत फसतो. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातील सलग सहाच तास विक्री करता येते. डिपार्टमेंट स्टोअर्स बहुधा दुपारी बारा ते सहा ही वेळ निवडतात. काही दुकाने अर्धा तास आधी दारे उघडतात, त्या वेळात हिंडता येते पण पैसे देता येत नाहीत. शिवाय रविवारी दुपारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जी गर्दी असते तिच्यात सासूबाईंना नेऊ नका. दुकाने शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास, दारे उघडताच पाहावीत; रविवार यजमानांसह नदीकाठी घालवावा.

काही न घेता फिरण्याविषयी निःशंक असा, कारण डिपार्टमेंट स्टोअर हा प्रकारच त्यासाठी जन्माला आला. गॉर्डन सेल्फ्रिज हा शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानात घडलेला अमेरिकन. त्याने १५ मार्च १९०९ रोजी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या तेव्हाच्या कमी वर्दळीच्या टोकाला आपले ‘सेल्फ्रिजेस’ हे दुकान उघडले, तेव्हा लंडनच्या अनेक दुकानांत गिऱ्हाईक आत शिरताच सेवक सामोरा येऊन काय हवे ते विचारत असे आणि माल फडताळांत असे. सेल्फ्रिजने माल मेजांवर उघडा मांडला, लोकांना हात लावून पाहू दिला, आणि जाहिरातीच केल्या की या, हिंडा, घेतलेच पाहिजे असे नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये लुई ब्लेरिओ विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून आला तेव्हा सेल्फ्रिजने ते विमान दुकानात आणून ठेवले आणि ते पाहायला रांगा लागल्या. १९२५ मध्ये जॉन लोगी बेअर्डने आपल्या दूरचित्रवाणी यंत्राची प्रात्यक्षिके याच दुकानात लोकांना दाखवली. स्त्रियांना एकट्याने शहरात येऊन दिवस घालवता यावा म्हणून चहाची दालने, वाचनकक्ष आणि स्वच्छतागृहे ही या दुकानांनी मुद्दाम दिलेली सोय होती, आणि ज्येष्ठ व्यक्तीसोबत हिंडणाऱ्यांना ती अजून उपयोगी पडते. लिफ्ट, बसायला जागा, चहा आणि स्वच्छतागृह हे सारे एका छपराखाली लंडनच्या रस्त्यावर सहज मिळत नाही.

तुम्ही एकच दुकान पाहणार असाल आणि तुम्हाला कापडात रस असेल, तर हॅरड्सऐवजी लिबर्टी पाहा. आर्थर लिबर्टीने १८७५ मध्ये रीजंट स्ट्रीटवर पूर्वेकडील रेशीम, शाली आणि शोभेच्या वस्तू विकायला सुरुवात केली. त्या पहिल्या जागेचे नावच ईस्ट इंडिया हाऊस असे होते. ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरची आजची लाकडी चौकटींची इमारत १९२४ ची आहे. ती सोळाव्या शतकातल्या, म्हणजे ट्यूडर काळातल्या घरासारखी दिसते, पण तिचे लाकूड मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांचे आहे, आणि त्यांपैकी एकीचे नाव ‘हिंदुस्तान’ होते. आत एकामागून एक प्रशस्त दालने नाहीत. वरून उजेड येणारे तीन चौक आणि त्यांच्याभोवती लाकडी सज्जे व घरासारख्या खोल्या अशी रचना आहे, काही खोल्यांत शेकोट्याही आहेत. वाडा पाहिलेल्या माणसाला ती लगेच आपलीशी वाटते. कापड विभागात त्यांचे ‘टाना लॉन’ हे तलम सुती कापड जरूर हाताळून पाहा. इथिओपियातल्या टाना सरोवराच्या परिसरातील कापसावरून त्याला ते नाव पडले. त्यावरच्या अनेक छापांत कोयरी दिसेल. काश्मिरी शालींवरून ती युरोपात गेली, तिथल्या गिरण्यांनी ती उचलली आणि स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाचे नाव तिला चिकटले. पैठणीच्या काठावर तीच कोयरी पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी ते कापड मीटरच्या भावाने घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, मी घेतले.

एक गोष्ट मात्र त्या देखण्या सज्ज्यांत उभे असताना मला आठवतेच. १८८५ मध्ये लिबर्टीने भारतातून चाळीसहून अधिक कारागीर व कलावंत लंडनला नेले आणि बॅटरसी इथे ‘भारतीय खेडे’ म्हणून लोकांसमोर बसवले. ऐन हिवाळ्यात तो उपक्रम फसला आणि त्या माणसांचे फार हाल झाले. दुकानात याची पाटी मी कुठे पाहिली नाही.

हॅरड्स पाहायचेच असेल तर फक्त तळमजल्यावरील खाद्यपदार्थांची दालने पाहा. १९०२-०३ च्या सुमाराच्या चिनीमातीच्या रंगीत फरशांची नक्षी तिथे भिंती-छतांवर आहे आणि ती खरोखर अप्रतिम आहे. बाकीचे मजले आजकाल जगातल्या कुठल्याही विमानतळावरील महागड्या दुकानांसारखेच वाटतात, हे माझे वैयक्तिक मत. याच दुकानात १८९८ मध्ये सरकता जिना बसवला तेव्हा वर पोहोचलेल्या गिऱ्हाइकांना धीर यावा म्हणून ब्रँडी दिली जात असे, असे सांगतात. पिकॅडिलीवरील फोर्टनम अँड मेसन हे १७०७ पासूनचे, मुख्यतः चहा आणि खाद्यपदार्थांचे. तिथला दुपारचा साग्रसंगीत चहा माणशी सत्तर पौंडांच्या वर जातो आणि त्यातल्या केकांत अंडे असते, त्यामुळे तुमच्या दृष्टीने तो खर्च वाया. त्याऐवजी बाहेर उभे राहून तास पडताना दर्शनी भागावरचे घड्याळ पाहा: फोर्टनम आणि मेसन यांच्या बाहुल्या बाहेर येऊन एकमेकांना लवून नमस्कार करतात. हे घड्याळ जुने वाटले तरी १९६४ चे आहे.

जुन्या प्रवासपुस्तकांवर विसंबू नका. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे डेबनहॅम्स २०२१ मध्ये, हाऊस ऑफ फ्रेझर २०२२ मध्ये आणि बाँड स्ट्रीटवरचे फेनविक २०२४ मध्ये बंद झाले. तसेच पूर्वी पर्यटकांना विमानतळावर मिळणारा वीस टक्के करपरतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला आहे. दुकानाने माल थेट भारतातल्या पत्त्यावर पाठवला तरच तो कर लागत नाही, पण मग इथली सीमाशुल्काची आकारणी आणि टपालखर्च गृहीत धरावा लागतो. थोड्या खरेदीसाठी ते परवडत नाही.


उनाड_पाऊस

चर्चा छान चालली आहे, परंतु वेस्ट एंड म्हणजेच लंडनचे नाटक असा समज होऊ नये म्हणून लिहितो. ज्यांनी प्रायोगिक आणि गंभीर नाटके पाहिली आहेत त्यांना मी माउसट्रॅपकडे पाठवणार नाही. थेम्सच्या दक्षिण काठावर नॅशनल थिएटर आहे. डेनिस लॅस्डन यांनी रचलेली ही उघड्या काँक्रीटची इमारत १९७६ मध्ये सुरू झाली आणि आजचे राजे चार्ल्स यांनी १९८८ मध्ये तिची तुलना अणुवीज केंद्राशी केली होती. दिसायला ती रुक्ष असेल, पण आत तीन प्रेक्षागृहे, लिफ्ट, भरपूर बसायची जागा, पुस्तकांचे दुकान आणि चहापान आहे, आणि तिकीट नसले तरी दालनांत दिवसभर बसता येते. मुंबईत एनसीपीएमध्ये पडद्यावर दाखवले जाणारे ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’चे अनेक प्रयोग इथलेच. मुख्य म्हणजे २०१८ पासून तिथे एक चष्मा मिळतो, जो घातला की संवाद डोळ्यांसमोर लिहून येतात. त्यासाठी कॅप्शनच्या ठरावीक तारखेची वाट पाहावी लागत नाही. सासूबाई चष्मा वापरत असतील तरी तो त्यावर बसतो का, हे विचारून घ्यावे.

शनिवारी यजमान मोकळे असतील तर त्यांना शेक्सपिअर्स ग्लोबच्या अंगणात उभे करावे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या उघड्या नाट्यगृहात सुमारे सातशे प्रेक्षक उभ्याने नाटक पाहतात, तिकीट पाच-दहा पौंडांपासून मिळते आणि पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत. सासूबाईंसाठी मात्र ते योग्य नाही. बसण्याचे बाक पाठ टेकायच्या सोयीचे नाहीत.


तिसरी_घंटा

उनाड_पाऊस यांच्या चष्म्याच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, माउसट्रॅपविषयीच्या तिरस्काराशी नाही. ताई, सासूबाईंना दोन्ही नाटकांची माहिती मराठीत सांगा आणि निवड त्यांच्यावर सोपवा.

जाण्यायेण्याचे तेवढे सांगून थांबतो. पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइन घ्यावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्टने जाता येते. पहिले स्थानक बाँड स्ट्रीट: हॅनोव्हर स्क्वेअरच्या दाराने बाहेर पडल्यास लिबर्टी सात-आठ मिनिटांवर आहे, दुसऱ्या दाराने सेल्फ्रिजेस जवळ पडते. पुढचे स्थानक टॉटनम कोर्ट रोड. तिथून चेरिंग क्रॉस रस्त्याने सरळ खाली दहा मिनिटे चालल्यास सेंट मार्टिन्स येते. कोव्हेंट गार्डन स्थानकावर उतरू नका. तिथे लिफ्टसाठी गर्दी साचते आणि कंटाळून जिन्याकडे वळलेल्यांना १९३ पायऱ्या चढाव्या लागतात. लेस्टर स्क्वेअर स्थानक तिथून जेमतेम पाव किलोमीटरवर आहे. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. प्रत्येकीने वेगळे कार्ड वापरावे, कारण एका कार्डावर एकाच प्रवाशाचे भाडे जाते, आणि दिवसभरात कमाल आकारणी गाठली की पुढचे प्रवास फुकट होतात.